राणीच्या नावाची घरे

व्हिक्टोरिया राणी म्हटली, की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? माझ्या पिढीच्या माणसाला विचाराल, तर आधी बोरीबंदर स्टेशन, आणि मग त्या स्टेशनाबाहेर उभी असलेली घोड्याची व्हिक्टोरिया! लहानपणी आम्ही भावंडे पुण्याहून गिरगावात मामाकडे जायचो. गाडीतून उतरले, की हमालाशी हुज्जत घालीत मामा पुढे, आम्ही मागे, आणि सगळ्यांचे डोळे त्या काळ्या छपराच्या गाडीकडे. टापांच्या तालावर गिरगाव येईपर्यंत आपणच राणी झाल्यासारखे वाटे. पुढे १९९६ साली त्या स्टेशनाला छत्रपतींचे नाव मिळाले. घोड्यांच्या गाड्याही मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. राणी तर १९०१ सालीच गेली होती.

पण तिच्या नावाने ओळखली जाणारी राहती घरे असतात, ज्यांत माणसे भांडतात, जेवतात, मुले वाढवतात, हे मी पाहिले वयाच्या शहात्तराव्या वर्षी. आणि तेही कुठे, तर अमेरिकेत! ज्या देशाने १७७६ साली इंग्लंडच्या राजाला रामराम ठोकला, त्याच देशात शंभर वर्षांनी बांधलेल्या घरांना ‘व्हिक्टोरियन’ म्हणतात. कारण एवढेच, की ती १८३७ ते १९०१ या तिच्या राज्यकाळात बांधली गेली. राणी कधी तिकडे फिरकलीही नाही. म्हणजे नाव राणीचे, लाकूड तिथले आणि पैसा त्या गावच्या दुकानदारांचा!

त्याचे असे झाले. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे मुलीकडे गेलो होतो. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडच्या गावात राहते. नाताळची सुट्टी लागली होती आणि थंडीने मी घरातच गुरफटून बसले होते. तेवीस तारखेला नात म्हणाली, “आज्जी, ऊठ. आज तुला केकसारखी घरं दाखवते.”

“आणि मला?” ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली.

“आजोबा, तुम्हांला चढ चढवणार आहे.”

निघताना मी नेहमीप्रमाणे पर्स चाचपली. चष्मा, गोळ्या, रुमाल आणि तो लांबोळका पाकीट. आमच्या पुण्याच्या वाड्याचे कागद होते त्यात. धाकट्या दिरांनी विमानतळावर निघताना हातात दिले होते. “वहिनी, तिकडे निवांत वाचा, दादाला वाचायला लावा. परत आलात, की सह्या करून टाकू,” असे म्हणाले होते. वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत व्हायची होती. महिना झाला, पाकीट उघडले नव्हते. का, ते माझे मलाच सांगता येत नव्हते.

सात बहिणी

सॅन फ्रान्सिस्को हे गाव टेकड्यांचे. रस्ते असे उभे, की वरून उतरणाऱ्या माणसाचे आधी बूट दिसावेत आणि मग तोंड. या टेकड्यांवर पूर्वी घोड्यांना गाड्या ओढवत नसत. १८७३ साली जमिनीखालून फिरणाऱ्या दोरखंडाला धरून चालणाऱ्या केबल कार सुरू झाल्या आणि टेकड्यांवर वस्ती चढू लागली. आम्ही ज्या अलामो स्क्वेअर नावाच्या बागेत गेलो, तीही एक टेकडीच. बागेच्या पूर्वेला स्टायनर स्ट्रीट आहे. त्या रस्त्याच्या उतारावर सात घरे एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. त्यांना सात बहिणी म्हणतात. मॅथ्यू कॅव्हनॉ नावाच्या बांधकाम करणाऱ्याने ती १८९२ ते १८९६ या काळात बांधली. स्वतः तो त्यांच्याच शेजारी, कोपऱ्यावरच्या घरात राहिला. आपण बांधलेल्या घरांशेजारी राहायला धैर्य लागते, असे ह्यांचे मत पडले. सारी नोकरी ह्यांनी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून केली आहे, तेव्हा हे अधिकाराने बोलत असावेत.

दुपार कलली होती. घरांची तोंडे पश्चिमेला, त्यामुळे उतरते ऊन थेट त्यांच्या कपाळावर. एक फिकट निळे, एक लोण्यासारखे पिवळसर, एक पिस्त्याच्या रंगाचे. कपाळ त्रिकोणी, त्यावर कोरलेली वेलबुट्टी. खाली पोटासारखी पुढे आलेली खिडकी, तिच्या कडेला कातलेले खांब. दाराशी जायला दहाबारा पायऱ्या. पाठीमागे शहरातल्या काचेच्या उंच इमारती आभाळात गेलेल्या, आणि पुढे या सात जणी हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या. बागेतल्या हिरवळीवर शे-दीडशे माणसे कॅमेरे आणि फोन सरसावून बसली होती. जो तो त्यांच्याकडे पाठ करून स्वतःचेच छायाचित्र काढत होता!

“कोरलेला दगड आहे का हो हा?” मी विचारले.

हे रस्ता ओलांडून गेले. बाजूच्या गल्लीत तसेच एक घर होते, त्याच्या कठड्याला बोटाच्या पेरांनी टकटक करून आले. चेहरा लहान मुलासारखा फुललेला. “अगं, लाकूड! सगळं लाकूड!”

खरेच तसे होते. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला समुद्रालगत रेडवुडची प्रचंड झाडे आहेत. त्यांचे लाकूड कापायला सोपे, सरळ रेषेचे, आणि कुजायला चिवट. गलबतांतून ते या बंदरात येई. इथे वाफेवर चालणारे कातारी आणि नक्षी कापणाऱ्या करवती लावलेले कारखाने होते. खांब, कंगोरे, फुले, जाळ्या सगळे तयार मिळे. नमुन्यांचे छापील पुस्तक बघायचे, हवे ते निवडायचे आणि घराच्या तोंडावर ठोकून द्यायचे. मागच्या भिंती साध्या, सपाट फळ्यांच्या. आपल्याकडे समोरच्या दोन वीत भागाला जरीकाठ आणि आत नेसलेला भाग साधा, अशी लुगडी असत ना, तसा हा हिशेब!

“म्हणजे ही श्रीमंतांची घरं नव्हेत?” मी विचारले.

“श्रीमंतांचे बंगले वेगळे,” मुलगी म्हणाली. “ही दुकानदार, कारकून, कारागीर अशा लोकांची. कित्येकांनी हप्त्यांनी घेतलेली.”

घराची रुंदी बहुधा पंचवीस फूट, कारण जमिनीचे तुकडे तेवढेच पाडलेले. शेजारच्या घराची भिंत हाताच्या अंतरावर, म्हणजे बाजूने उजेड यायला वाव नाही. म्हणून पुढची खिडकी भिंतीतून बाहेर काढली, की तीन बाजूंनी उजेड आत येतो आणि खोलीही हातभर वाढते. धुक्याच्या गावात उन्हाचा एक कवडसा देखील जपावा लागतो. ती खिडकी नुसती शोभेची नव्हती तर! हे कळले आणि मला त्या घरांविषयी एकदम आपलेपणा वाटला. कमी जागेत मोठे दिसायची धडपड आपण मध्यमवर्गीयांनी नाही ओळखायची, तर कोणी?

माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न होता. या सगळ्या वेलबुट्टीवरची धूळ कोण पुसत असेल? मुलगी हसली. पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. त्या काळी बऱ्या परिस्थितीच्या घरांतून आयर्लंडहून आलेल्या मुली आणि चिनी नोकर राबत. बाकीच्या घरांतून जिच्या हाती ते नेहमीच असते, तिच्या हाती.

नाताळही राणीचाच

पाच वाजायच्या आधीच सूर्य बुडाला. आणि मग जी गंमत पाहायला नात आम्हांला घेऊन आली होती, ती सुरू झाली. एकेका घराच्या पुढे आलेल्या खिडकीत दिवे उजळले. प्रत्येक खिडकीत नाताळचे झाड. कुठे नुसते पांढरे दिवे, कुठे रंगीत. दारावर हिरव्या पानांची गोल माळ, तिला तांबडी फीत. पायऱ्यांच्या कठड्यांवरून दिव्यांच्या लडी. एका घराच्या बुरजाला तर कळसापर्यंत दिवे लावलेले. पाऊस नुकताच शिंपडून गेला होता, त्यामुळे खालच्या ओल्या फरशीवर तेच दिवे पुन्हा दिसत होते.

ही घरे आणि हा सण एकमेकांना इतके शोभत होते, की त्याचे कारण शोधावेसे वाटले. कारण साधेच निघाले. आज जगभर जो नाताळ दिसतो, त्याची पुष्कळशी सजावट राणीच्याच काळातली आहे. घरात झाड आणून सजवायची चाल मुळात जर्मनीची. राणीचा नवरा आल्बर्ट जर्मन. राजवाड्यातल्या झाडाभोवती राणी, आल्बर्ट आणि मुले उभी असलेले चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आले. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या एका स्त्रियांच्या मासिकाने तेच चित्र थोडा फेरफार करून छापले. राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला, म्हणजे ती अमेरिकन बाई वाटावी! झाले, घरोघरी झाड आले. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र १८४३ सालचे, आणि डिकन्सची नाताळावरची ती प्रसिद्ध गोष्टही त्याच सालची. साप्ताहिकातले एक चित्र घराघरांतला सण बदलू शकते, हे वाचून हा अंक हातात धरलेल्या वाचकांनाही बरे वाटेल.

बाजूच्या गल्लीत एक गृहस्थ शिडीवर चढून कमानीला दिवे बांधत होते. ह्यांनी लाकडाची चौकशी सुरू केली, तसे ते खाली उतरून बोलायलाच लागले. म्हणाले, “दिवे बांधणं एका दिवसाचं काम. रंग मात्र जन्माचा. मागची बाजू रंगवून होते, तोवर पुढचा उडायला लागलेला असतो.” जुन्या रंगाच्या थरांत शिसे असते, म्हणून तो खरवडतानाही जपून खरवडावा लागतो. घराला पाचसहा रंग लागतात, कंगोऱ्याचा वेगळा, फुलाचा वेगळा. आणि ओल एकदा आत शिरली, की रेडवुड झाले तरी किती दिवस टिकणार?

“मग इतकी रंगरंगोटी पहिल्यापासूनच का?” ह्यांनी विचारले.

तर नाही! आपण ज्याला जुने म्हणून वाखाणतो, ते रूप फार जुने नाहीच. मधल्या काळात ही घरे लोकांना नकोशी झाली होती. आजीच्या नथीसारखी जुनाट, बोजड वाटत. कित्येकांनी नक्षी उपटून टाकली आणि वरून सिमेंटचा गिलावा केला. कित्येक घरे, युद्धनौकांना देतात तसल्या करड्या रंगाने माखून टाकली. १९६३ च्या सुमाराला बुच कार्डम नावाच्या एका चित्रकाराने आपले घर निळ्याहिरव्या भडक रंगांनी रंगवले. शेजारी आधी कुजबुजले आणि मग हळूहळू तेच करू लागले. १९७८ साली या घरांवर एक पुस्तक निघाले आणि त्याने त्यांना नाव दिले ‘पेंटेड लेडीज’, म्हणजे रंगवलेल्या बायका. आमच्या सासूबाई असत्या, तर या नावावर त्यांनी काय म्हटले असते, ते इथे न लिहिलेले बरे.

आग कुठे थांबली

पण रंगाच्याही आधी एक प्रश्न होता. ही घरे उरलीच कशी?

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी या गावात भूकंप झाला. भूकंपाने पाडले त्यापेक्षा किती तरी अधिक नंतरच्या आगीने जाळले. पाण्याचे नळ जमिनीत फुटले होते, बंबांना पाणी मिळेना. तीन दिवस गाव जळत होते. सुमारे २८ हजार इमारती गेल्या, तीन हजारांवर माणसे गेली असावीत. चार लाख वस्तीतली निम्म्याहून अधिक माणसे उघड्यावर आली. शेवटी व्हॅन नेस नावाच्या रुंद रस्त्यावरचे बंगले सुरुंग लावून उडवून दिले आणि तिथे आगीला बहुतेक अडवले. त्या रस्त्याच्या पश्चिमेची वस्ती वाचली. या सात बहिणी त्या बाजूच्या. घर सोडून आलेल्या लोकांनी याच बागेत मुक्काम ठोकला आणि इथूनच आपले गाव जळताना पाहिले.

व्हॅन नेसच्या पलीकडे एकच गल्ली सोडून, फ्रँकलिन स्ट्रीटवर, हास-लिलिएंथाल घराण्याचे मोठे घर आहे. येताना मुलीने मोटारीतूनच ते दाखवले होते. करड्या रंगाचे, उंच बुरजाचे. विल्यम हास या किराणा व्यापाऱ्याने ते १८८६ साली बांधले. आग जवळ येऊन थांबली, घर राहिले. त्याच्या मुलीने १९७२ साली मरेपर्यंत तिथे संसार केला आणि पुढच्या वर्षी घरच्यांनी ते जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकले.

१८८६. तो आकडा ऐकला तेव्हाच मी जरा चमकले होते. आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजावर शके १८०८ कोरलेले आहे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा, म्हणजे १८८६! लग्न होऊन आले त्या दिवसापासून तो आकडा मी पाहत आले, पण हिशेब कधी केला नव्हता. आमचा वाडाही राणीच्याच काळातला. सागवानी खांब, कडीपाटाचे माळवद, मधला चौक, चौकात तुळस. भिंतीवर पुरुषभर उंचीवर पाण्याची रेघ होती, १९६१ च्या पानशेतच्या पुराची. सासूबाई ती रेघ येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवीत. पुरात मागची पडवी पडली, वाडा उभा राहिला. तेव्हा, वाचकहो, मीही पन्नासाहून अधिक वर्षे एका व्हिक्टोरियन घरातच संसार केला, आणि ते पाहायला मात्र सात समुद्रांपलीकडे जावे लागले.

बाकावरचे गृहस्थ

चढ उतरण्याआधी आम्ही बागेतल्या बाकावर टेकलो. तिथे आधीच एक वृद्ध निग्रो... आमच्या लहानपणी असेच म्हणत, पण नातीने मला हा शब्द टाकायला लावला आहे, आणि योग्यच केले. तर एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ बसले होते. डोक्यावर लोकरी टोपी, हातात कॉफीचा पेला. आमच्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठे असावेत. नातीने त्यांना विचारले, “तुम्ही दर वर्षी दिवे बघायला येता का?”

“येतो,” ते म्हणाले. “मी इथलाच. आमचं घर तिकडे होतं.” त्यांनी सात बहिणींच्या मागे, उत्तरेच्या बाजूला बोट केले.

“असंच होतं?”

“अगदी असंच. फक्त रंग उडालेला.”

मग त्यांनी जे सांगितले, ते नातीने मला मराठीत समजावले, आणि घरी आल्यावर मी पुस्तके काढून ताडूनही पाहिले. या वस्तीत पूर्वी पुष्कळ जपानी कुटुंबे राहत. १९४२ साली, युद्ध चालू असताना, सरकारने त्यांना घरांतून काढून दूरच्या छावण्यांत नेऊन ठेवले. रिकाम्या झालेल्या घरांत गोद्यांमधल्या कामासाठी दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय माणसे राहायला आली. त्यांनी तिथे दुकाने काढली, खाणावळी काढल्या, गाण्याबजावण्याचे जलसे गाजवले. पण इतर ठिकाणी त्यांना कोणी घर देत नसे, त्यामुळे एकेका घरात चार चार बिऱ्हाडे. दुरुस्तीला पैसा नाही. मग १९५० नंतर नगर सुधारणेची योजना आली. वस्ती मोडकळीला आली आहे, असा शेरा पडला. गिअरी रस्ता रुंद करायचा, नव्या इमारती उठवायच्या. दोन टप्प्यांत, १९७० च्या पुढेपर्यंत, पाडापाडी चालू होती. सुमारे अडीच हजार व्हिक्टोरियन घरे गेली आणि चार हजारांवर कुटुंबे उठली.

“सगळीच घरं पाडली?” ह्यांनी विचारले.

“नाही. बारा घरं वाचवली. १९७४ साली. उचलून चाकांवर घातली आणि रस्त्यातून ओढत दुसरीकडे नेऊन बसवली. मी बघायला उभा होतो. भर रस्त्यातून दुमजली घर चाललंय, खिडक्यांच्या काचा जशाच्या तशा!”

हे ऐकून ह्यांच्यातला ओव्हरसियर जागा झाला. खाली तुळया कशा घातल्या, विजेच्या तारा कशा सोडवल्या, वळणावर काय केले, प्रश्नांवर प्रश्न. ते गृहस्थही हौसेने सांगत होते. मी मध्येच विचारले, “आणि त्या घरांतली माणसं?”

ते जरा थांबले. “माणसांना चाकं नव्हती, मॅडम,” असे काहीसे म्हणाले आणि हसले. मग म्हणाले, “प्रमाणपत्रं दिली होती. नवी घरं झाली, की तुमचा हक्क पहिला, असं लिहिलेलं. माझ्या आईनं तिचं प्रमाणपत्र बायबलात ठेवलं होतं. घडी पडू नये म्हणून.”

“मग?”

“जागा किती तरी वर्षं मोकळीच पडून होती. इमारती झाल्या, तेव्हा भाडं तिला झेपणारं नव्हतं. खाडीपलीकडे ओकलंडला राहिली, तिथेच गेली. प्रमाणपत्र अजून आहे माझ्याकडे. छान कागद आहे.”

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. समोरच्या निळ्या घरातल्या झाडाचे दिवे पाहत ते म्हणाले, “यंदा त्यांनी तारा बदललाय. मागच्या वर्षीचा बरा होता.” आणि कॉफीचा पेला टोपलीत टाकून, आम्हांला नाताळच्या शुभेच्छा देऊन, उतारावरून हळूहळू निघून गेले.

पाकिटातला कागद

त्या रात्री मी पाकीट उघडले. चाळीस पाने होती. आम्हांला किती चौरस फूट, दिरांना किती, गाडी ठेवायला जागा किती, सगळे तपशीलवार. एकोणिसाव्या पानावर एक ओळ होती, ‘भाडेकरूंचे पुनर्वसन नियमाप्रमाणे करण्यात येईल.’ एवढेच.

त्या ओळीत आमच्याकडच्या दोघी आहेत. पुढच्या खोलीतल्या काकू, वय चौऱ्याऐंशी. मी बाळंतीण होते तेव्हा डिंकाचे लाडू त्यांनीच वळले. आणि चौकापलीकडच्या मावशी, ज्यांनी पोळ्या लाटून दोन मुलांना शिकवले. दिवाळीत चौकातला किल्ला कोणाच्याही मुलांनी केला, तरी त्यावरचे हळीव पेरायचे काम या मावशींचे. दोघींना कोणी चाळीस पाने दिलेली नव्हती. तोंडी सांगितले होते, “तीन वर्षं दुसरीकडे राहा, मग या.”

खोटे कशाला बोलू, तोपर्यंत मला वाटत होते, की पाकीट उघडवत नाही ते खांबांच्या, कडीपाटाच्या मायेने. वाडा जाणार म्हणून. पण वाडा जाणारच होता. मागचे खांब वाळवीने पोकळ झाले आहेत, हे हे गेली दहा वर्षे टकटक करून मला ऐकवत आले. आम्हांला त्याची दुरुस्ती झेपत नाही, आणि शिडीवर चढून जन्मभर रंग देणारा माणूस आमच्या घरात नाही. जुने घर नुसत्या कौतुकाने टिकत नाही, हे त्या सात बहिणी पाहून मला कळले होते. माझ्या मनाला टोचत होते ते दुसरेच, आणि ते एकोणिसाव्या पानावर होते.

मी ह्यांना उठवले. ह्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग तिच्या बाजूला पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्या. दोघींना नव्या इमारतीत मालकीची खोली, किती फुटांची ते आकड्यात. मधल्या काळाचे भाडे बांधणाऱ्याने द्यायचे. आणि हे सगळे वाडा पाडायच्या आधी, नोंदवलेल्या करारात.

“भाऊजी चिडतील,” मी म्हटले.

“चिडू दे. लहानपणी काकूंनी त्यालाही लाडू दिलेत.”

भाऊजी चिडलेच. जानेवारीत परत आल्यावर दोन महिने बोलणे तुटक झाले. बांधणाऱ्याच्या कचेरीत सहा खेपा झाल्या. आमच्या वाट्याचे काही फूट कमी झाले. मुलीने फोनवर विचारले, “आई, नक्की ना?” मी म्हटले, “आम्हां दोघांना किती जागा लागते गं?” शेवटी आषाढात करार नोंदवला गेला. काकूंनी सही केली, मावशींनीही केली. मावशींनी त्याची प्रत कुठे ठेवली ते मी विचारले नाही, पण घरी आल्या आल्या देवघराकडे वळताना त्यांना पाहिले.

तुळशीचे लग्न झाले, की वाडा उतरवायला घेणार आहेत. ‘उतरवायला’ हा शब्द ह्यांचा. पाडणे म्हणू देत नाहीत. दिंडी दरवाजा जपून काढून नव्या इमारतीच्या जिन्यापाशी बसवायचा, शके १८०८ दिसेल असा. हे करारात नाही, पण हे रोज सकाळी जाऊन सुतारापाशी उभे असतात, म्हणजे ते होणार!

तुमच्या हाती हा अंक पडेल, तेव्हा वाड्यातली शेवटची दिवाळी चालू असेल. नातीने तिकडून सांगून ठेवले आहे, “आज्जी, सगळ्या खिडक्यांत पणत्या लाव आणि मला फोनवर दाखव.” रस्त्याकडच्या अकरा खिडक्या आहेत. त्यातल्या चार काकूंच्या, तीन मावशींच्या. वाती वळायला आम्ही तिघीही बसलो आहोत.